एकाच हाताच्या बाह्या

धाकटी जळायची, आणि तिने ते कधी नाकारलं नाही. लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यापासून ती थोरल्या जावेवर जळत होती, म्हणजे झाली बावीस वर्षं. इतकी वर्षं लोक एका जागी नोकरीसुद्धा करत नाहीत.

घराच्या पुढच्या खोलीत दोघींचं शिवणाचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत थोरली त्याची छाती, कंबर, खांदा सांगून मोकळी व्हायची. टेप गळ्यात असायचा तो शोभेला. एकदा घेतलेलं माप वर्षानुवर्षं तिच्या डोक्यात राहायचं. धाकटी दोनदा टेप लावणार, वहीत लिहिणार आणि तरी कापण्याआधी तिसऱ्यांदा वही बघणार. कौतुक कुणाचं व्हायचं ते सांगायला नको. घरातही थोरली म्हणेल ती पूर्व दिशा. धाकटीचा सख्खा नवरासुद्धा शर्ट घ्यायचा तो वहिनीला रंग विचारून.

त्यामुळे धाकटीचा एक डोळा सुईवर आणि एक थोरलीवर असायचा. म्हणूनच त्या मंगळवारची चूक सगळ्यात आधी तिला दिसली. थोरलीने एका बाईच्या झग्याच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. सुलट बाजू आत घालून कापड दुमडायचं आणि दोन्ही बाह्या एकदम कापायच्या, म्हणजे एक डावी एक उजवी आपसूक होते. शिवण शिकायला आलेल्या मुलीला हे दुसऱ्या दिवशी येतं. थोरलीने दोन तुकडे सुलटेच एकावर एक ठेवून कात्री चालवली होती. कापड छापील, त्यामुळे एखादी बाही उलटी लावून भागवायचीही सोय नव्हती. थोरली हसली, म्हणाली झोप झाली नाही. धाकटीला मात्र मनातून उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोला, फार दिवसांनी तिला इतकं बरं वाटलं होतं.

त्या दिवसापासून मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर ती तारीख घालून लिहू लागली. एकाच बाईला तासाभरात दोनदा विचारलं, बटणं किती. काज उलट्या पट्टीवर. मापं चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी मशीनखाली लपवली. पुढे कंसात स्वतःचा शेराही असायचा, ‘बरी जिरली’ किंवा ‘कुठे गेली हुशारी’. एक दिवस सगळ्यांना समोर बसवून हे वाचून दाखवायचं, असा तिचा बेत होता.

चौथ्या महिन्यात थोरली कापडाच्या कडा बांधायच्या ओव्हरलॉक मशीनपुढे धागा हातात धरून बसून राहिली. गप्पा मारता मारता चार धागे ओवणारी बाई ती. आता धागा कुठून कुठे न्यायचा तेच तिला सुचेना, आणि कुणी बघू नये म्हणून ती मशीन पुसत असल्याचं सोंग करत होती. धाकटीने सवयीने पेन उचललं. तारीख घातली, आणि पुढे तिला शेरा सुचला नाही.

तिने घरात सांगितलं, तर मोठे दीर म्हणाले, ती तुझ्या डोळ्यांत सलते. नवरा म्हणाला, वहिनींना कामाचा ताण आहे. मग ती सरळ थोरलीकडेच गेली आणि म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. थोरलीने कात्री खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, “चल, कधी जायचं?”

दवाखान्यात मोठे दीरही तोंड वाकडं करून आले. डॉक्टरांनी थोरलीला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने गोल सुरेख काढला आणि बाराही आकडे उजव्या बाजूला कोंबले. हे कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारल्यावर दीर म्हणाले, दोन-चार आठवडे झाले असतील. धाकटीच्या पिशवीत वही होती. दाखवली तर शेरेही दिसणार होते. तिने ती टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी पानन् पान वाचलं. अजून तपासण्या करायच्या आहेत, म्हणाले, पण लक्षणं मेंदूच्या आजाराची दिसतात. तो पुरता बरा होत नाही. मात्र इतक्या लवकर कुणी आणत नाही, आणि आत्ता बाईंना स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतील. पुढचा अर्धा तास सगळे थोरलीशीच बोलत होते. आजारातही हिचाच पहिला नंबर, असं धाकटीच्या मनात आलंच.

बाहेर बाकावर थोरलीने वही मागून घेतली आणि शेऱ्यांसकट वाचली. दीर औषधं आणायला गेले होते.

“लिहिताना बरं वाटायचं?”

“हो.”

“मग लिहीत जा. आता घरातले सगळे माझ्याकडे कीव करून बघतील. तू तेवढी जळत राहा. तू जळतेस तोवर माझ्यापाशी काहीतरी शिल्लक आहे, असं मी समजेन.” थोरलीने वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली. “कीव यायला लागली की सांग मला. आत्ता येतेय का?”

“नाही ताई,” धाकटी म्हणाली.

बावीस वर्षांत ती थोरलीला नाही नाही ते टोचून बोलली होती, पण त्या क्षणापर्यंत खोटं कधी बोलली नव्हती.