कोयनेचा घाट आणि माझी साक्ष

सकाळी सहाला पुण्यातून गाडी काढली, तेव्हा शेजारच्या काकूंनी हात जोडले. मला निरोप दिला की देवाला साकडं घातलं, काही कळलं नाही. बावन्नाव्या वर्षी गाडी शिकलेली बाई, लायसन्स मिळून जेमतेम तीन महिने, आणि निघाली एकटी शिराळ्याला! माझी मात्र उत्साहानं झोप उडाली होती.

माझे यजमान सॅम्युएल होते तोवर मला या गाडीला हात लावायची मुभा नव्हती. "फाटकाला ठोकशील," म्हणायचे. दीड वर्षापूर्वी आजारानं ते गेले आणि माझी प्रार्थनाच बंद पडली. रविवारी चर्चला जायचे, गीताच्या वेळी ओठ हलवायचे, बस्स. आता शिराळ्याजवळच्या गावात चर्चचा कापणीचा सण होता. माझ्या नणंदेनं, सुमतीवन्संनी, फोनवर बजावलं होतं, "या खेपेला साक्ष (देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगणं) द्यायचीस. लय झालं गप बसणं." हो म्हणाले खरी, पण सांगणार काय? माझा माणूस नेला, त्याचे आभार?

शिरवळला चहा घेतला, सणासाठी फळांची सुरेख टोपली विकत घेतली. खंबाटकी चढले, सातारा मागं टाकलं आणि सरळ कराड गाठायचं सोडून पाटणकडं वळले. सॅम्युएलचं लहानपण कोयनानगरच्या धरण वसाहतीत गेलेलं. "एकदा दाखवीन," म्हणायचे. आता माझं मीच बघणार होते.

पाटणच्या पुढं रस्ता डोंगराला वळसे घालू लागला. एका वळणावर समोरून एसटी आली. मी घाबरून ब्रेक दाबला, गाडी बंद पडली. पाय सटकला आणि गाडी चक्क मागं घसरायला लागली. मागं दरी!

"देवा, धर रे!" मी किंचाळले.

"ताई, हँडब्रेक वढा! आदी हँडब्रेक!" मागच्या मोटारसायकलवरून कोणीतरी ओरडलं.

ओढला. गाडी थांबली. मोटारसायकलवरचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ खिडकीशी आले. "फौजेत ट्रक चालवलेत म्या. चढवून दिऊ का?"

"नको," मी म्हणाले. "फक्त शेजारी उभे राहा."

"व्हय तर. क्लच अर्धा सोडा... रेस द्या... आता काढा हँडब्रेक. शाब्बास, ताई!"

गाडी सुसाट वर गेली. मी स्टिअरिंगवर हात आपटून मोठ्यानं हसले. कोयनानगरला पोचले, तर डोंगरांच्या कुशीत निळंशार पाणी पसरलेलं. असं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं! धावतपळत कठड्याकडं गेले. इतका आनंद झाला आणि पाठोपाठ मनात आलं, ते नाहीत आणि मी हसतेय? पुढं कराडमार्गे शिराळ्यापर्यंत तेवढंच डोक्यात घोळत राहिलं.

"सलाम, वन्सं," म्हणत उतरले. वन्संनी आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "एकलीच आलीस?" लगबगीनं आत गेल्या आणि गरम भाकरीवर काकवी (पातळ गूळ) ओतून पुढ्यात ठेवली. मी तीन भाकऱ्या हाणल्या.

दुपारी चर्चच्या दारात माझी फजिती झाली. लोक हळद, भुईमूग, उसाच्या मोळ्या घेऊन आलेले. माझी टोपली पाहून वन्संनी कपाळावर हात मारला. "अगं, इकत आणल्यालं न्हाई चालत! आपल्या हातचं पायजे. हे पोरांत वाट."

"वन्सं, मला कुठलं शेत?"

"मग या वर्सात तुज्यात काय पिकलं ते तोंडानं सांग."

पाळकांनी साक्षीसाठी माझं नाव घेतलं. रिकाम्या हातानं पुढं गेले.

"सॅम्युएल गेले, त्याचे आभार मी मानणार नाही," मी म्हणाले. "देवाला राग आला तर येवो. दीड वर्ष मी त्याच्याशी बोलले नाही. आज घाटात गाडी घसरली तेव्हा हाक मारली, आणि हाक मारल्यावर कळलं की राग धरून मी त्याच्याच दाराशी बसले होते. आज मी फार खूश आहे. ते नसताना खूश आहे, याची मला लाज वाटते. एवढंच पिकलंय."

हळदीनं भरलेलं सूप घेऊन वन्सं उठल्या. आता बोलणी खाणार, अशी माझी खात्री झाली.

"माजा भाऊ हिला गाडीला हात लावू द्यायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "किती भांडले मी त्याच्यासंगं! भाऊ गेला तवापास्नं मी पण हसले न्हाई. आज ही गाडी घिऊन दारात उतरली आन् मला हसू फुटलं, म्हून आत पळाले. देवा, तुजं उपकार." आणि भर चर्चमध्ये त्यांनी मला मिठी मारली. आम्ही दोघी रडलो, हसलो, मग गीत सुरू झालं आणि मी खरोखरच्या आवाजात गायले. बेसूर, पण गायले!

दुसऱ्या दिवशी वन्संनी पिशवी भरली. "आठ दिस येते पुण्याला. पण कोयनेवरनं ने."

दुःख संपलं, असं मी म्हणणार नाही. सॅम्युएलची आठवण तर वळणावळणाला येत होती. पण त्या दुःखासकट देवाशी बोलता येतं, भांडता येतं, आणि तो ऐकून घेतो, हे मला घरात बसून कधीच कळलं नसतं. तेच ते वळण आलं. वन्संनी खिडकीबाहेरची दरी पाहिली आणि माझा दंड घट्ट धरला.

"प्रार्थना करूया का गं?"

"करूया की. तुम्ही डोळे मिटा, वन्सं. मी उघड्या डोळ्यांनी करते."