शनिवारच्या दोन

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. लोणावळ्यातल्या वलवणला भिकाजीच्या टपरीवर सीताराम ओव्हाळच्या नावावर छत्तीस रुपयांची उधारी लागली. दोन सिगारेटी, अठराला एक.

सीताराम बावन्न वर्षांचा, अंगानं शिडशिडीत. मुंबईच्या मालकाचा एक बंगला तो एकवीस वर्षं सांभाळतो. शुक्रवारी पाहुणे येतात, रविवारी जातात. शनिवारी त्यांची जेवणं उरकली की त्यांचे ड्रायव्हर टपरीवर जमत आणि सीताराम त्यांच्यात उभा राहून दोन ओढी. बाकी सहा दिवस एकही नाही. पाकीट त्यानं जन्मात विकत घेतलं नव्हतं. घरी वास आलाच, तर पाहुण्यांचे ॲशट्रे धुतले म्हणून सांगे, आणि ते त्यानं धुतलेलेही असत.

त्याचं एक गणित होतं. लोक छातीत चांगली हवा भरायला पैसे मोजून लोणावळ्याला येतात. आपण तर बारा महिने इथंच. शनिवारचा धूर पुढच्या शनिवारपर्यंत धुऊन निघतो. विक्की ड्रायव्हर त्याला चिडवी, "भाऊ, तुम्ही ओढता कुठं? तुम्ही धुराचा पाहुणचार करता."

त्या शनिवारी तो टपरीवरून परतला आणि टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर निघाला. अकराव्या पायरीवर छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं. कठडा धरून उभा राहिला, दोन मिनिटांत ओसरलं. कुणाला बोलला नाही. पण रविवारी पाहुण्यांच्या बॅगा उचलताना पुन्हा तेच, आणि या वेळी त्याची मुलगी तेजल समोर होती. सोमवारी ती त्याला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर शुभदाबाईंनी कार्डिओग्राम काढला, तो ठीक होता. साखर नव्हती, रक्तदाब बेताचा. मग त्यांनी तंबाखू, सिगारेटचं विचारलं. तेजल शेजारच्या खुर्चीतच होती.

"न्हाई मॅडम," सीताराम म्हणाला.

त्यांनी तसं लिहिलं, पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि पुन्हा दुखलं तर लगेच यायला बजावलं.

तो कागद सीतारामच्या खिशात राहिला आणि त्याला बूड टेकवेना. मंगळवारी त्यानं एकच अंगण तीनदा झाडलं. बंद खोल्यांची कुलपं ओढून पाहिली, परत येऊन पुन्हा ओढली. मधेच कागद काढून 'सिगारेट: नाही' ही ओळ वाची. बुधवारी सकाळी मुद्दाम मोजत जिना चढला. नवव्या पायरीवर पाटा आला.

खाली त्याची बायको सरूबाई चादरी वाळत घालत होती. "काय हरवलंय तुमचं? कालधरनं पायाला भिंगरी लावल्यागत फिरताय."

तो पायरीवर बसला. मग एकदम म्हणाला, "शनवारच्या दोन असत्यात माझ्या."

सरूबाईला कळायला वेळ लागला. हातातली चादर तशीच राहिली. "म्हंजी एकवीस वर्सं मी त्या ॲशट्रेंना शिव्या देतीया व्हय?" ती चादर झटकत म्हणाली, "आता मला सांगून काय उपेग? जिनं कागदावर लिवलंय तिला सांगा. आत्ता जावा, रिक्षानं."

तो गेला. सगळं सांगितलं आणि हवेचं गणितही मांडलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. 'नाही'वर काट मारली.

"हवेनं आतल्या नळ्या धुतल्या जात नाहीत, भाऊ. सिगारेट ओढली की त्या आखडतात, रक्ताची गुठळी व्हायला सोपं जातं. मला सांगा, दिवसाला एक ओढणाऱ्याला वीस ओढणाऱ्याच्या मानानं किती धोका असेल?"

"ईसावा हिस्सा."

"हृदयाच्या बाबतीत जवळपास निम्मा निघतो. तुमच्या त्याहून कमी आहेत, पण एकवीस वर्षांच्या आहेत. थोडी म्हणजे बिनधोक, असं नाही. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी पित्त धरून बसले."

दुसऱ्याच दिवशी तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात हृदयाच्या तपासणीसाठी त्याला यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. तिसऱ्या मिनिटाला तिथल्या डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. पुढच्या तपासणीत हृदयाची एक नळी अरुंद झालेली दिसली. तूर्त गोळ्यांवर भागेल, असं ठरलं. हे सिगारेटीनंच झालं का, असं त्यानं विचारलं. एकट्या सिगारेटीचं नाव घेता येणार नाही, वयाचाही वाटा असेल, असं शुभदाबाई म्हणाल्या; पण आता एकही नको, शनिवारचीही नको.

पुढच्या शनिवारी पाहुण्यांची जेवणं उरकली. सीताराम फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. समोर टपरीवरून विक्कीनं हात केला. उधारीचे पैसे खिशात होते. पण ते द्यायला टपरीच्या फळीपाशी उभं राहावं लागणार, त्या धुरात, आणि स्वतःचा त्याला भरवसा नव्हता. सरूबाईला पाठवावं, तर ती भिकाजीला काय काय ऐकवील याचाही नव्हता. त्यानं फाटकाला आतून कडी घातली आणि झाडू घेतला.

भिकाजीचे छत्तीस रुपये अजून द्यायचे आहेत.