दाजींच्या पिकअपचे पाटे

चौक्याच्या तिठ्यावर बाबली मेस्त्रीचं गॅरेज आहे. तिथे गाडी लवकर मिळत नाही, कारण मोडलेला भाग बदलून बाबलीचं समाधान होत नाही. तो का मोडला हे त्याला कळावं लागतं. त्याची बायको लक्ष्मी सांगते, लग्नात आलेल्या मिक्सरवर एकदाही वाटण झालं नाही. आत काय आहे ते बघायला यांनी तो पहिल्याच दिवशी उघडला!

अशा माणसाकडे दाजी आपली एकोणनव्वद सालची पिकअप घेऊन आले. दाजींची मासेमारीची होडी, आणि मासळी बाजारात न्यायला ही गाडी. पुढून असे धक्के मारायची की चहा पिऊन तिच्यात बसायची सोय नव्हती. दोन गॅरेजांत नवे शॉकअप, नवे बुश घालून झाले होते. फरक शून्य.

"रुक्मिणी परत बाजूक बसाक व्हयी," दाजी म्हणाले. "बाकी तुका काय करूचा ता कर."

रुक्मिणी त्यांची बायको. तीस वर्षं ती बाजाराला दाजींच्या शेजारी बसून गेली. गेल्या साली तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि धक्के बसतात तोवर गाडीत पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून दाजी एकटेच जातात, पण बाजूच्या रिकाम्या सीटशी बोलायची सवय काही सुटत नाही.

बाबलीने गाडी जॅकवर घेतली, पुढची चाकं काढली, यू बोल्ट सोडले आणि पाट्यांचा जुडगा खाली उतरवला. एकावर एक सात पोलादी पट्ट्या. खड्डा आला की त्यांनी एकमेकींवरून सरकायचं, म्हणजे धक्का मुरतो. मधला बोल्ट काढला की त्या सुट्या व्हायला हव्यात. या सुटेनात. हातोडा मारला, तरी ढिम्म. गंज म्हणावा, तर गंजाचा ठिपका नाही. समुद्राकाठची गाडी आणि गंज नाही? बाबलीला जेवणाची शुद्ध राहिली नाही. छिन्नी घालून त्याने एक पाटा उचकटला, तर आत पिवळट, राळेसारखा थर. नखाने खरवडून हुंगला. तारली मासळीचं तेल! पावसाळ्याआधी होडी वर ओढली की लाकडाला चोपडतात, तेच. वर्षानुवर्षं थरावर थर सुकत गेला आणि सात पाट्यांची एकच तुळई झाली.

पाटा फडक्यात गुंडाळून बाबली तडक दाजींच्या घरी. "गाडयेक तेल कोण लायता?"

दाजींना पत्ताच नव्हता.

"मिया," ओटीवर पडलेल्या रुक्मिणीवहिनी म्हणाल्या. "होडयेक लावन उरता ता. पाट्यांका खार लागता म्हणान. दरवर्सा." आवाजात थोडा अभिमानही होता.

कोडं सुटल्याचा बाबलीचा आनंद मावळला. गंज धरला होता असं सांगून निसटावं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पण मग येत्या पावसाळ्याआधी पुन्हा तेल लागणार, आणि पुन्हा धक्के.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "ता तेल सुकान पाटे चिकाटले. धक्के तेचेच."

वहिनींनी पाटा हातात घेतला. त्यांचा चेहरा पडला. त्या सुकलेल्या थरावरून बोट फिरवत राहिल्या.

"म्हणजे माझी पाठ मियाच..."

"गप गो," दाजी म्हणाले. "गाडी मिया चालवत होतंय. माका तरी खंय कळला? दोघांय रस्त्याक गाळी घालत होतव."

आठ दिवसांनी पाटे घासून, ग्रीस लावून, नव्या बोल्टने आवळून गाडी उभी राहिली. आधी बाबलीने ती सगळ्या वाईट रस्त्यांवर दामटून पाहिली, मग दाजींच्या दारात नेली. वहिनी कमरेला पट्टा बांधून शेजारी चढल्या. बाबली मागे हौद्यात. ओढ्यावरच्या साकवाजवळचा मोठा खड्डा आला तसे दाजींनी डोळे जवळजवळ मिटलेच. गाडीचं नाक खाली गेलं आणि सावकाश वर आलं. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, मग खिडकीतून मान बाहेर काढून पुढचा रस्ता न्याहाळला.

"दुसरो खड्डो खंय आसा?" त्यांनी विचारलं.