देवाक थुकी?

आमच्या गावच्या चर्चमधली बाळ येशूची लाकडी मूर्ती मेणबत्त्यांच्या काजळीने काळीठिक्कर पडली होती. ती साफ करायला संग्रहालयातून एक बाई आल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. काडीला कापूस गुंडाळून त्यांनी तो जिभेवर ओला केला आणि मूर्तीच्या गालावरून हलकेच फिरवला. मी हादरलोच.

"बाई, देवाक थुकी?"

काळी झालेली काडी टाकून त्यांनी नवी घेतली. "पाण्यान रंग सुटता, थुकीन नुसती काजळी. आणि आवशीन पोराचा तोंड आणखी कित्यान पुसूचा?"

मी बघत राहिलो. दुपारपर्यंत काळ्यातून गुलाबी गाल वर आला, मग ओठ. मूल हसत होतं. आणि आम्ही पिढ्यानपिढ्या त्याच्यापुढे गंभीर चेहऱ्याने गुडघे टेकत आलो होतो.