लेझरचं लाल सील

आमच्या लेझर मशीनच्या टेबलाखाली भंगाराची एक ट्रॉली असते. सकाळी रिकामी केली तरी संध्याकाळी भरलेलीच! वाळूजच्या आमच्या कारखान्यातले किस्से तसेच साचतात, आणि त्यातले निम्मे एकट्या जोशी साहेबांचे. साहेब म्हणजे आमचे प्लँट मॅनेजर. मी क्वालिटीत, म्हणजे वाकडं काय झालं ते सांगायच्या नोकरीत.

* * *

पत्रा कापणारी ही गॅस लेझर ठोके देत चालते. तिचा बीम कसा आहे ते बघणं सोपं असतं. अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर एक झटका मारायचा. खड्डा गोल पडला तर बीम चांगला. आमचा पडायचा चावा घेतलेल्या पेरूसारखा! पत्र्याची एक कड खरखरीत निघायची आणि गिऱ्हाईक माल परत पाठवायचं.

साहेबांनी खड्डा निरखून पाहिला. "अ‍ॅक्रिलिक लोकल आहे. इम्पोर्टेड मागवा!"

आलं. त्यात तोच पेरू जास्त स्वच्छ दिसायला लागला.

* * *

ऑपरेटर कदम. घर खुलताबादजवळ, थोडी शेती, आणि या मशीनवर पंधरा वर्षं. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, मागचा आरसा हललाय, म्हणून बीम वाकडा पडतोय. तीन स्क्रू हायेत, जरासे फिरवू द्या."

"खबरदार!"

दुसऱ्या दिवशी साहेब घरून वहिनींची लाल नेलपॉलिश घेऊन आले आणि तिन्ही स्क्रूंवर एकेक ठिपका लावला. सील! खाली नोटीस: सील तुटलं तर ऑपरेटर सस्पेंड.

बाटली साहेबांच्या ड्रॉवरमध्येच राहिली. वहिनींना भाच्याच्या लग्नाला तशाच नखांनी जावं लागलं, असं ड्रायव्हर सांगायचा.

* * *

मग मुंबईहून एक्स्पर्ट आले. दोन तास पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, मशीनचं दार एकदाही उघडलं नाही. निदान झालं, गॅस शुद्ध नाही. सिलिंडर बदलले. पेरू कायम.

कदमनं परत आरशाचं नाव काढलं. एक्स्पर्टांनी विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"आयटीआय, साहेब."

"मग तुम्हाला ते कळणार नाही."

"व्हय साहेब," कदम म्हणाला. "पण वाकडं हाय ते दिसतंय की."

* * *

आरसा, गॅस, अ‍ॅक्रिलिक सगळं साहेबांच्या लेखी निर्दोष ठरल्यावर उरला कोण? कदम! साहेबांनी त्याच्या बदलीचा कागद टाईप करून घेतला. डिस्पॅचमध्ये, खोके बांधायला. खंडेनवमीच्या पूजेला मालक आले की सही.

पंधरा वर्षं मशीनचा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस खोके बांधणार!

रविवारी कारखाना बंद असताना कदम मला म्हणाला, "मशीन हातची चाललीच हाय. मंग नीट करून तरी जातो." त्यानं सील खरवडलं, स्क्रू इवलेसे फिरवले, ठोकळ्यावर झटका मारला. गोल! असा गोल की आम्ही दोघं येड्यासारखे बघतच बसलो.

मग आठवलं, सील! बदलीत निदान पगार असतो, सस्पेन्शनमध्ये तोही लटकतो.

* * *

खरवडलेल्या लाल टिकल्या कागदाच्या पुडीत घेऊन आम्ही गुलमंडीचा बाजार गाठला. झुपकेदार मिशांचा कदम नेलपॉलिशच्या बाटल्या एकेक करून पुडीशी लावून बघतोय, आणि बायका वळून वळून बघतायत!

दुकानदार म्हणाला, "भाभी के वास्ते?"

"नाय वो, मशीनसाठी."

"वही तो बोला," दुकानदार हसला. "घर की मशीन खुश रहना!"

* * *

सोमवारी साहेबांनी गोल खड्डा पाहिला. आम्ही रात्रीच लावलेलं नवं सील लांबूनच पाहिलं, त्यांचे गुडघे दुखतात. मग सगळ्यांना जमवून म्हणाले, "बघा! नुसता बदलीचा कागद टाईप केला तर मशीन सुधारली. आता बदली केलीच पाहिजे!"

कदम खाली मान घालून उभा. खरं बोलला तर सस्पेंड. मीही गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

* * *

खंडेनवमीला मशीनची सगळी दारं पूजेसाठी उघडी होती. जोशी साहेब मालकांना सांगत होते, "सील अजून माझंच. कुणाला हात लावू दिला नाही. निव्वळ शिस्तीनं बीम गोल केला!" कागद खिशातून अर्धा बाहेर आलाच होता.

वहिनी कुंकू लावायला मागच्या दाराशी वाकल्या, त्या वाकलेल्याच राहिल्या.

"अहो, ही माझी नाही. माझ्यात चमकी नव्हती!"

मालक स्वतः वाकले, तिन्ही स्क्रू बघितले, ठोकळ्यातला गोल खड्डा बघितला. मग कदमकडे वळले.

"कदम, ही चमकीवाली कुठं मिळते?"

कदमनं हात जोडले. "गुलमंडीत, साहेब. उरलेली बाटली माझ्या टूलबॉक्समधी हाय."