भिंतीला टेकवलेले काका

तुमच्या घरात माणूस मेला, हे कोण ठरवतं? आमच्याकडे गुरप्पामामा ठरवतात. (डॉक्टर नंतर फक्त सही करायला येतो.)

सोलापूरची मे महिन्यातली दुपार, वीज गेलेली, खिडक्यांना ओले पडदे. त्या हिरवट अंधारात जेवता जेवता माझे काका कलंडले. मामांनी नाकाशी बोट धरलं. "गेला." आमच्या लिंगायत घरात गेलेल्याला बसवून ठेवतात, पुरतातही बसलेलंच. आरडाओरडा ऐकून मी माडीवरून खाली येते तो काका भिंतीला टेकलेले, कपाळभर विभूती, डोळे अर्धे उघडे, माझ्याकडेच!

आणि काका घोरले. एक लांब, खरखरीत श्वास. मग काहीच नाही.

"आत्मा निगाला," मामा कुजबुजले.

"आत्मा नाही! हृदय थांबल्यावर असाच श्वास येतो. झोपवा त्यांना! सिद्धू, १०८ लाव, जिममधली ती पेटी आण!" मी ओरडले.

माझा चुलतभाऊ सिद्धू फोन कानाला लावून समोरच्या जिमकडे पळाला.

"आपल्यात आडवं करतेत व्हय गं? रीत हाय काय?" मामा आडवे आले.

रीत! मी काकांना पाय धरून ओढलं, जमिनीवर सपाट पाडलं आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबू लागले. विभूती धुरासारखी उडाली. कट्! बरगडी गेली.

"अय्यो, मेलेल्याला मारतीया ही!" काकू ओरडल्या.

सिद्धू जिममधला डिफिब्रिलेटर घेऊन आला. हृदयाला झटका देणारी पेटी. छातीवर पट्ट्या चिकटवल्या आणि अंधारात एक बाई थंडपणे बोलली, "मरीज से दूर हट जाइए." अशी बाई खोलीत नव्हती, पेटीच बोलत होती! सगळे निमूट मागे सरले. (इतकी वर्षं 'छाती दाबायला शिका' अशी पत्रकं वाटून मी एकालाही जागचं हलवू शकले नव्हते!) झटका बसला, काकांचं अंग उसळलं आणि मामा स्वयंपाकघरात, आतून कडी!

मी पुन्हा दाबू लागले. अचानक गार बोटांनी माझं मनगट पकडलं. काकांची बोटं! मी अशी किंचाळले की गल्ली गोळा झाली.

दवाखान्यात काकांनी बरगड्या सांभाळत विचारलं, "शिकलीस कुटं हे?"

"एका दुपारी, रबराच्या पुतळ्यावर."

"पुतळा वाचला का?"

"नाही, काका."

म्हणून सांगते, तुम्हीही एक दुपार काढा. छाती दाबायला शिका. तुमच्या जवळपास ती पेटी कुठं टांगली आहे, ते आजच बघून या. माणूस पडला, हाकेला ओ देत नाही, धड श्वास घेत नाही, की १०८ लावा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा. माझी वाट बघू नका. माझ्या नावावर एक काका आहेत आणि एक मेलेला पुतळा!