अंबाड्याची चुंबळ

आमच्या आष्टीकडच्या वाडीत भिवराबाईच्या केसांना तोड नव्हती. मी तिची धाकटी जाऊ. न्हाताना तिच्या पाठीवर पाणी मीच ओतायची, म्हणून खात्रीनं सांगते. ऊसतोडीला गेलं की बाकीच्या बाया डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून मोळी घेत. ही मात्र टाळूवर घट्ट अंबाडा बांधी आणि त्यावरच ओझं घेई. "देवानं गादी दिलीय की," म्हणे. मिजास, दुसरं काय!

दुष्काळाच्या साली एकदा तिनं टाळूला हात लावला, तर तिथं गुळगुळीत चकती. तेव्हापासून बाईला चैन नाही. भाकरी थापता थापता हात पदराखाली जाई. माक्याचं तेल उकळलं, कांद्याचा रस चोळला, टँकरच्या खाऱ्या पाण्याला शिव्या घातल्या. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. तिचा नवरा, आमचे आसारामभाऊजी, म्हणाले, "कावून एवढं मनाला लावून घेती? पदराखाली कुणाला दिसतंय?" त्या दिवशी ती जेवली नाही. मला भाऊजींचा संताप आला.

उन्हाळाभर आम्ही सोसायटीच्या चारा छावणीत जनावरांपाशी राहिलो. डोक्यावर ओझं नाही, केस सैल सोडलेले. एकदा तेल लावताना माझ्या बोटांना मऊ लव लागली.

"अक्का, आले की गं केस!"

आनंद राहिला बाजूला, तिला धसकाच बसला. दसरा झाला की नगरकडच्या सहकारी कारखान्याचा ट्रक येणार, पुन्हा मोळ्या. "परत उपटून जातील," एवढंच घोकत छावणीभर फिरायची.

फडात पहिल्याच सकाळी तिनं नवऱ्याच्या हातातला कोयता काढून घेतला. "मी तोडते. मोळ्या तुमी न्या."

मुकादम हसला, गडी हसले. भाऊजींना बायकांसारखी चुंबळ घ्यायची लाज वाटली. रागारागानं त्यांनी मोळी सरळ टोपीवरच घेतली, आणि हंगामभर तशीच वाहिली.

चैतात घरी आलो. भिवराबाईच्या टाळूवर बोटभर काळे केस होते. आरसा पुन्हा सुलटा झाला. भाऊजी मात्र घरातसुद्धा टोपी काढेनात. शेवटी चुलीपाशी येऊन हळूच म्हणाले, "माक्याचं तेल उरलंय का थोडं?"

"कावून? टोपीखाली कुणाला दिसतंय?" ती म्हणाली, आणि तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवली.